प्रसूती रजा आली कुठून, आणि तिचा खर्च कुणाचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यातल्या एका खासगी कंपनीत तुमची काही वर्षं नोकरी झाली आहे, पाचवा महिना चालू आहे. एचआरवाल्यांनी गोड शब्दांत सुचवलं, "आत्ता राजीनामा द्या, बाळ जरा मोठं झालं की परत घेऊ. सहा महिने घरी बसवून पगार द्यायला आमच्यासारख्या छोट्या कंपनीला परवडत नाही. हा नवा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे." त्यात घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं की प्रसूती रजा बाबासाहेबांनी दिली, आणि ऑफिसातला एक जण म्हणाला की ही सगळी इंग्रजांची नक्कल. तुम्ही विचारलंय की यातलं खरं काय, आणि हा हक्क आहे की कंपनीची मेहेरबानी.

घाईचं उत्तर आधी देते: राजीनामा देऊ नका. तोंडी नाही, मेलवर नाही, तारीख न घातलेल्या कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. कारण पुढे येईल.

तुम्ही विचारलंय तो इतिहासाचा प्रश्न आहे, पण मला त्यात तुमच्या एचआरचं "परवडत नाही" हे वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. मुंबईच्या कामगार न्यायालयांत मी बरीच वर्षं वकिली करते आहे आणि हे वाक्य मालकाच्या प्रत्येक जबाबात कुठल्या ना कुठल्या रूपात असतं. गंमत म्हणजे ते शंभर वर्षं जुनं आहे. बाळंतिणीला विश्रांती मिळावी याला उघड विरोध कुणीच करत नाही, तेव्हाही करत नव्हतं. भांडण होतं आणि आहे ते एवढंच: तिच्या त्या दिवसांच्या पोटापाण्याचा खर्च कुणी उचलायचा? हा धागा धरला की फॉरवर्डचंही उत्तर मिळतं आणि तुमच्या एचआरचंही.

पहिले कायदे युरोपातले, हे खरं. पण ते आपण समजतो तसे नव्हते. स्वित्झर्लंडने १८७७ च्या कारखाना कायद्यात बाळंतपणाच्या आगेमागे मिळून आठ आठवडे बाईला कामावर घ्यायला बंदी केली. जर्मनीने १८७८ मध्ये बाळंतपणानंतरचे तीन आठवडे, ब्रिटनने १८९१ मध्ये चार आठवडे. ही सगळी बंदी होती, रजा नव्हे. कामावर यायचं नाही, आणि पगारही नाही. हातावर पोट असलेल्या बाईला असल्या संरक्षणाचा उपयोग काय? ती बाळंतपण लपवायची, नाहीतर दुसऱ्या कारखान्यात जाऊन काम मागायची. जर्मनीला हे लवकर उमगलं. १८८३ च्या आजारपण विम्यात तिथे बाळंतिणीला त्या तीन आठवड्यांसाठी विम्याच्या निधीतून पैसे मिळू लागले. ब्रिटनमध्ये प्रसूतीचे ३० शिलिंग आले ते १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने. म्हणजे "घरी राहा" हा एक कायदा आणि "घरी राहशील तेवढे दिवस खायला मिळेल" हा दुसरा, आणि दोहोंच्या मध्ये कित्येक वर्षं गेली. तुमच्या सहकाऱ्याला सांगा, नक्कलच करायची असती तर इंग्रजांच्या १८९१ च्या कायद्यात नक्कल करण्यासारखं फारसं काही नव्हतं.

खरी कलाटणी १९१९ ची. पहिलं महायुद्ध संपलं होतं, रशियात क्रांती झाली होती, आणि कामगारांना काहीतरी द्यावं लागेल हे युरोपातल्या सरकारांना कळून चुकलं होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली. त्याच शहरात त्याच दिवसांत कामकरी स्त्रियांची वेगळी आंतरराष्ट्रीय परिषदही भरली होती आणि तिथल्या बायकांनी या विषयावर चांगलाच जोर लावला. त्यातून प्रसूती संरक्षणाचा करार झाला, संघटनेच्या यादीतला तिसरा. त्यात काय होतं पाहा. बाळंतपणानंतर सहा आठवडे काम नाही. आधी सहा आठवडे रजेचा हक्क. या काळात आईचं आणि मुलाचं नीट भागेल एवढे पैसे. रजेवर असताना कामावरून काढल्याची नोटीस दिली तर ती बेकायदा. परत आल्यावर अंगावर पाजायला दिवसातून दोनदा अर्धा तास. आज आपल्या कायद्यात जे जे आहे, त्याचा सांगाडा इथे तयार दिसतो.

आणि पैसे कुणी द्यायचे? करारात स्वच्छ लिहिलं होतं: सरकारी तिजोरीतून, किंवा विम्याच्या पद्धतीने. मालकाच्या खिशातून असं त्यात नव्हतं. पुढे १९५२ मध्ये या कराराची नवी आवृत्ती आली, तेव्हा तर एकट्या मालकावर त्याच्याकडच्या बायकांच्या प्रसूतीच्या लाभांचा खर्च कधीही टाकू नये, असं कलमच घातलं गेलं. का, ते उघड आहे. ज्या मालकाकडे बायका जास्त, त्याला खर्च जास्त, मग तो बायका घ्यायचंच बंद करेल. हे शहाणपण आपल्याकडे पोचलं, पण कायद्यात उतरलं नाही. भारताने १९१९ चा, १९५२ चा किंवा २००० चा, यांतला एकही प्रसूती करार स्वीकारलेला नाही.

आता मुंबई. वॉशिंग्टनला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते ना. म. जोशी. हिंदुस्थान सरकारने करार स्वीकारला नाही, पण "आम्ही अभ्यास करून कळवतो" असं मान्य केलं. त्या अभ्यासासाठी मुंबई सरकारने एक स्त्री डॉक्टर नेमली, डॉ. बार्न्स. त्यांनी गिरण्यांत आणि चाळींत फिरून जे लिहिलं ते १९२२ मध्ये सरकारच्या लेबर गॅझेटमध्ये छापून आलं. त्यातली एक गोष्ट मी नव्या मुलींना मुद्दाम सांगते: गिरणीत जाणाऱ्या आया बाळाला अफूची गोळी देऊन निजवत. बाळगोळी म्हणत तिला. क्रूरपणा नव्हता तो. पाळणाघर नाही, घरी कुणी बघायला नाही, आणि खाडा पडला तर नोकरी जाणार, मग आई दुसरं काय करणार? आज पाळणाघराची तरतूद कायद्यात वाचताना मला ती गोळी आठवते. मालकांना ती तरतूद चैन वाटते.

गिरण्यांत बायका होत्याही बऱ्याच. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचात एक बाई होती. बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर, आणि त्यांच्यावर देखरेखीला नाईकीण. भरती तिच्या हातात, म्हणून तिची मर्जी सांभाळावी लागे. कोकणातली, घाटावरची बाई दिवस भरत आले की गावी माहेरी जायची आणि परतली की तिची जागा दुसऱ्या कुणाला दिलेली असायची. काही मोजक्या गिरण्या आपण होऊन थोडे पैसे देत. बाकीच्यांत नाईकिणीची कृपा.

जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं. गिरण्या, खाणी, मळे, सगळीकडच्या बायकांसाठी. सरकारच्या बाजूने हरकती ठरलेल्या: बायका गावी निघून जातात, दाखले द्यायला स्त्री डॉक्टर कुठून आणायच्या, वगैरे. १९२५ मध्ये विधेयक पडलं.

मग विषय मुंबई प्रांताच्या कौन्सिलात, म्हणजे प्रांताच्या विधिमंडळात आला. १९२८ मध्ये आर. एस. आसवले यांनी इथे प्रसूती लाभ विधेयक मांडलं. काळ कसा होता ते लक्षात घ्या. एप्रिलपासून मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप चालू होता, तो ऑक्टोबरपर्यंत चालला. गिरणगाव उपाशी होतं, आणि मालक म्हणत होते की धंदा बुडतोय, त्यात हा नवा बोजा कशाला. २८ जुलै १९२८ ला या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. ते तेव्हा कौन्सिलाचे नियुक्त सभासद होते.

त्या भाषणाचा गाभा फॉरवर्डवाल्यांना ठाऊक नसतो, म्हणून जरा थांबून सांगते. बाबासाहेब म्हणाले की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि विधेयक त्याच तत्त्वावर उभं आहे. तसं असेल तर या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचं कल्याण जपणं हे मुळात सरकारचं काम, हे त्यांनी स्वतःहून मान्य केलं. विरोधकांच्या हातातला मुद्दाच त्यांनी काढून घेतला. पण तिथे ते थांबले नाहीत. सरकार देत नाही म्हणून मालक सुटतो का? तर नाही. मालक बायकांना कामावर घेतो ते उपकार म्हणून नव्हे. त्या कामावर बाई ठेवण्यात त्याचा फायदा असतो. ज्याला फायदा, त्याने काही अंशी तरी भार सोसला पाहिजे.

वकील म्हणून मला हा युक्तिवाद आजही थक्क करतो. त्यात दोन देणेकरी आहेत: सरकार आणि मालक. पुढे झालं असं की सरकार हळूच बाजूला सरकलं आणि मालक एकटा उरला.

कायदा १९२९ मध्ये झाला. मुंबई प्रसूती लाभ कायदा, देशातला पहिला. बाईला बाळंतपणाच्या आगेमागे काही आठवडे रोज ८ आणे, आणि ते गिरणी मालकाने द्यायचे. सरकारी निधी नाही, विमा नाही. विमा काढायला यंत्रणा लागते, दवाखाने लागतात, वर्गणी गोळा करणारं खातं लागतं, आणि तसलं काहीच तेव्हा नव्हतं. मालकाला हुकूम देणं सोपं होतं. १९३० मध्ये मध्य प्रांताने असाच कायदा केला, म्हणजे नागपूरच्या गिरण्याही आल्या. १९३१ मध्ये कामगारविषयक शाही आयोगाने देशभर असे कायदे करा म्हणून शिफारस केली आणि मग एकेक प्रांत करत गेला. खाणींसाठी १९४१ मध्ये वेगळा केंद्रीय कायदा झाला.

तेव्हा फॉरवर्डबद्दल: विधेयक आसवल्यांचं, आधीची खटपट जोशींची, आणि तत्त्वाची सर्वांत भक्कम मांडणी बाबासाहेबांची. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा खाणीतल्या बायकांच्या प्रसूती कायद्यात त्यांनी दुरुस्त्या आणल्या. मूळ खाण कायदा मात्र त्यांच्या आधीचा. आणि आज आपण ज्यावर बोलतो तो केंद्रीय कायदा १९६१ चा, त्यांच्या निधनानंतरचा. एवढं नीट सांगितलं तरी त्यांचं श्रेय काही कमी होत नाही. उलट "सव्वीस आठवड्यांची रजा बाबासाहेबांनी दिली" असं ढोबळ लिहिलं की त्यांनी सरकारच्या जबाबदारीबद्दल जे बोलून ठेवलंय ते झाकलं जातं, आणि नेमकं तेच आज कामाचं आहे.

मालकावर बोजा टाकल्याचे परिणाम काय झाले? मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. १९७० च्या सुमारास शंभरात जेमतेम चार-पाच उरल्या होत्या. याचं सगळं खापर प्रसूती कायद्यावर फोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते चूक आहे. रात्रपाळीला बायकांना बंदी होती, गिरण्या दोन-तीन पाळ्यांवर गेल्या. वाइंडिंगला वेगवान यंत्रं आली. आणि युनियनच्या पुढाऱ्यांनाही, स्पष्टच बोलते, बाईची नोकरी गेली तर बाप्याला मिळेल यात गैर वाटत नव्हतं. पण प्रसूतीचा खर्च थेट मालकाच्या अंगावर असणं हे त्यातलं एक कारण नव्हतं, असंही मी म्हणणार नाही. लग्न ठरलेल्या मुलीला मुलाखतीत "पुढचा प्लॅन काय" असं आजही विचारतात ते उगाच नाही.

स्वातंत्र्यानंतर हा घोळ सुटण्याची एक चांगली संधी आली होती. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, आपण ईएसआय म्हणतो तो. यात मालक आणि कामगार दोघे वर्गणी भरतात, आणि बाळंतपणाचे पैसे महामंडळ देतं. म्हणजे १९१९ ला सुचवलेला विम्याचा रस्ता. मालकाकडे बायका दोन असोत की दोनशे, वर्गणीचा दर तोच. बाई घेतली म्हणून वेगळा भुर्दंड नाही. माझ्या मते आपल्याकडच्या सगळ्या व्यवस्थांत ही सर्वांत न्याय्य. पण तिला पगाराची मर्यादा आहे, सध्या महिना २१,००० रुपये. त्या वरच्या बायका, आणि जिथे ईएसआय लागू नाही तिथल्या, या १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याखाली आल्या, आणि त्याचा पाया १९२९ चाच: मालकाने द्यायचं. घटनेच्या ४२ व्या अनुच्छेदात प्रसूतीसाहाय्याची तरतूद करणं हे राज्याचं कर्तव्य सांगितलंय. व्यवहारात राज्याने ते कर्तव्य मालकाला बजावायला लावलं.

न्यायालयांनी या कायद्याला चांगला हात दिला हे मात्र म्हटलं पाहिजे. १९७७ चा एक निकाल माझ्या आवडीचा आहे, कारण तो अगदी साध्या हिशोबाचा आहे. तामिळनाडूतल्या एका मळ्यातल्या मजूर बाईला मालकाने बारा आठवड्यांचे पैसे देताना रविवार वगळले, म्हणजे ७२ दिवसांचे दिले. म्हणणं असं की रविवारी तसंही काम नसतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आठवडा सात दिवसांचा, बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस; पोट रविवारीही असतं अशा अर्थाचा तो निकाल. १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला आला. पहिल्या गरोदरपणातच नोकरी संपवणारा नियम न्यायालयाने रद्द केला. १९९१ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या भरतीच्या फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख आणि गरोदरपणांचे तपशील विचारले होते. असले प्रश्न बाईच्या लाजेला धक्का देणारे आहेत, ते काढा, असं न्यायालयाने सुनावलं. २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांचा निकाल आला. हजेरीपटावर रोजंदार म्हणून नाव असलं तरी लाभ मिळणारच. आणि २०२३ मध्ये कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की कराराची मुदत मध्येच संपली तरी सुरू झालेला लाभ पूर्ण द्यावा लागेल. हा शेवटचा निकाल कंत्राटावरच्या मुलींनी लक्षात ठेवावा.

मग २०१७ ची दुरुस्ती. बारा आठवड्यांचे सव्वीस झाले, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं, दत्तक घेणाऱ्या आईला बारा आठवडे मिळाले. चांगलंच झालं. पण वाढलेला सगळा खर्च पुन्हा मालकावर. २०१८ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालय म्हणालं होतं की ठराविक पगारापर्यंतच्या बायकांसाठी सात आठवड्यांचा पगार सरकार मालकाला परत देईल अशी योजना विचारात आहे. माझ्याकडे येणाऱ्या एकाही मालकाला असे पैसे मिळालेले मी पाहिले नाहीत. तेव्हा तुमच्या एचआरचं रडगाणं पूर्ण खोटं नाही, हे मी मालकांच्या विरुद्ध बाजूला उभी राहूनही कबूल करते. दहा-बारा माणसांच्या दुकानदाराला सव्वीस आठवड्यांचा पगार जड जातो. पण त्याचं भांडण सरकारशी आहे. तुमच्याशी नाही. कायद्याने तुमचं देणं तुम्हाला त्याच्याकडून मिळायचंय, आणि त्याला परवडतं का हा प्रश्न न्यायालय विचारतच नाही.

एक जण याच्या बाहेर राहिली आहे, तिच्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. बीडकडची ऊसतोड कामगार बाई. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि एक दिवस गैरहजर तर खाडा कापला जातो. तिला मालक कोण, मुकादम की साखर कारखाना? याचं उत्तर नाही म्हणून तिला प्रसूती रजाही नाही. गर्भाशयाची पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण गाजलं तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या बायकांपैकी १३,००० हून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळी आणि बाळंतपण दोन्ही खाड्यात मोजलं जातं तिथे बाई दुसरं काय करणार? अशा असंघटित बायकांसाठी २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात किमान ६,००० रुपये प्रसूतिसाहाय्य लिहिलंय, त्यातून मातृवंदना योजना चालते. रक्कम पाहा. पण खर्च सरकारने करायचा हे तत्त्व निदान इथे मान्य झालं, बाबासाहेब बोलल्यावर पंच्याऐंशी वर्षांनी.

आता तुमचं प्रकरण. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुमच्या प्रश्नात सगळी माहिती नाही, म्हणून जर-तरच्या भाषेत बोलते.

"नवा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी" हे धादांत खोटं. कारखाना असेल तर तो लागूच आहे. दुकान किंवा आस्थापना असेल तर दहा माणसं पुरेत. यात फक्त बायका मोजत नाहीत, शिपाई-ड्रायव्हरही मोजले जातात. तुमच्याकडे दहाच्या खाली माणसं असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा मला पुन्हा लिहा. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत तुमचे कामाचे ८० दिवस भरलेले हवेत. तुमचे ते कधीच भरलेत. हे पहिलं किंवा दुसरं मूल असेल तर सव्वीस आठवडे, त्यातले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं आधीच असतील तर बारा. आणि वर सांगितलेला मळ्यातल्या बाईचा हिशोब विसरू नका: सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस, रविवार धरून.

एक बदल ध्यानात घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ चा कायदा स्वतंत्र राहिला नाही, तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. तुमच्या कामाच्या तरतुदी जवळजवळ तशाच पुढे आल्या आहेत, कलमांचे आकडे बदलले. एचआरने "तो कायदा तर रद्द झाला" असं म्हटलं तर चकायचं नाही.

राजीनाम्याचं कारण आता सांगते. कायदा संरक्षण देतो ते कामावरून काढण्याविरुद्ध. रजेवर असताना बाईला काढणं बेकायदा आहे, आणि गरोदरपणात कधीही काढलं तरी तिचे प्रसूतीचे पैसे बुडत नाहीत. तक्रारीला साठ दिवसांची मुदत असते. गंभीर गैरवर्तनासाठी काढलं तर मात्र पैसे बुडू शकतात, एवढाच अपवाद, आणि तोही मालकाला सिद्ध करावा लागतो. पण तुम्ही स्वतः राजीनामा दिलात की तुम्हाला कुणी काढलंच नाही. मग तो दबावाखाली दिला हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, आणि अशा गोष्टी बंद खोलीत, साक्षीदार नसताना, गोड बोलून झालेल्या असतात. "परत घेऊ" या शब्दाला कागदावर काही किंमत नाही. माझ्याकडे आलेल्या बायकांत काढून टाकलेल्यांपेक्षा राजीनामा दिलेल्यांची प्रकरणं कितीतरी अवघड गेली. काही मालकांच्या सल्लागारांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर ते काढत नाहीत, सुचवतात.

तेव्हा भांडू नका, कागद तयार करा. कंपनीला मेल लिहा: मी गरोदर आहे, अपेक्षित तारीख अमुक, मी अमुक तारखेपासून प्रसूती रजेवर जाईन, लाभाची रक्कम मला किंवा मी नेमलेल्या व्यक्तीला द्यावी, आणि या काळात मी दुसरीकडे काम करणार नाही. डॉक्टरांचा दाखला जोडा. भाषा साधी ठेवा, आरोप करू नका. बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे दाखला दिल्यावर आगाऊ मिळायला हवेत, उरलेले बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. जमलं तर त्याच मेलमध्ये "आपल्या परवाच्या बोलण्यात राजीनाम्याचा विषय निघाला होता, माझा तसा विचार नाही" असं एक वाक्य सहज घाला. पुढे कधी वाद झाला तर ते वाक्य साक्षीदाराचं काम करतं. मेलची एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा, कारण कंपनीचा मेल बंद व्हायला एक क्लिक पुरते. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, हजेरीचे तपशील आत्ताच डाउनलोड करून ठेवा.

पहिलं बाळंतपण असेल आणि माहेरी जाणार असाल, तर तिथल्या रुग्णालयाचे कागद आणि जन्मदाखला वेळेवर काढायला घरच्यांना सांगून ठेवा. गावी गेल्यामुळे पुरावा नाही म्हणून पैसे अडकणं हे गिरणीतल्या बायकांचंही दुखणं होतं, आजही कारकून तेवढ्यावर महिनाभर अडवतो.

मेल पाठवल्यावरही टाळाटाळ झाली तर कामगार आयुक्त कार्यालयातल्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्यायची. बऱ्याचदा तिथून एक फोन गेला की कंपनीला परवडायला लागतं.

हे सगळं करण्याआधी मात्र तुमची पगाराची पावती काढून ईएसआयची कपात दिसते का ते बघा. दिसत असेल तर पैसे कंपनीने नाही, महामंडळाने द्यायचे आहेत, अर्ज त्यांच्या शाखेत करायचा आहे, आणि एचआरचं "परवडत नाही" तिथेच संपतं. दिसत नसेल, आणि तुमचा पगार २१,००० च्या आत असेल, तर कंपनीने तुमची नोंदच केली नसण्याची शक्यता आहे. तो वेगळा गुन्हा आहे. तसं असेल तर मेल पाठवायच्या आधी मला कळवा, तिथे पावलं वेगळ्या क्रमाने टाकावी लागतील.